गोरोबाची तिसरी सुई

गोरोबाला दोन आवाज होते. गाय बसली, बैल गळाठला, शेळीचं करडू आडवं आलं की पहिला आवाज निघायचा. "आगं माजे बाय, ऊठ की. कवाधरनं बसलीस? रागावलीस व्हय माज्यावर?" आणि हातात सिरींज आली की दुसरा. हा दुसरा त्याचा नव्हताच. तो भूमच्या जनावरांच्या डॉक्टरांचा होता. सात वर्षं त्यांच्या मागं बॅग धरून हिंडता हिंडता गोरोबानं तो नाकातल्या हुंकारासकट उचलला होता. "हंऽ. बाजूला व्हा. गर्दी नको. जनावराला हवा येऊ द्या." ईटच्या बायका पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसायच्या, पण बाजूला मात्र व्हायच्या.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ईटच्या दूध सोसायटीत दूध सोडून बाकी सगळं होतं. चेअरमन होते, कपाट होतं, भिंतीवर घड्याळ होतं, रिकामे कॅन उन्हात तापत होते. दुधाचं कामच उरलं नाही म्हणून सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी काढली. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आत आठशे ढोरं आणि त्या आठशे ढोरांना मिळून एक गोरोबा.

चेअरमन आबारावांनी पहिल्याच दिवशी त्याला समोर उभं करून बजावलं होतं. आबारावांचं प्रत्येक वाक्य 'का न्हाय'वर येऊन थांबायचं.

"छावणी सरकारची, का न्हाय? औषध सरकारचं, का न्हाय? ते माणसाच्या ढुंगणात गेलं तर जेलात कोण जाईल? म्या, का न्हाय? त्याच्या आधी तुजी बॅग काढून घीन गोरबा, आन तुला खडी फोडायला धाडीन. समजलं, का न्हाय?"

"समजलं," गोरोबा म्हणाला. त्याला खरंच समजलं होतं. बॅग होती म्हणून तो गोरोबा डाक्टर होता. बॅग गेली की तो तलावाच्या कामावर टोपलं उचलणाऱ्या चारशे माणसांतला एक.

पण लोक ऐकतात थोडंच? भूमचा दवाखाना लांब, एसटीचा भरवसा नाही, आणि गोरोबाची सुई हाकेच्या अंतरावर. कुणाचं गळू, कुणाची कंबर, कुणाच्या टाचेत मोडलेला काटा. गोरोबा आधी न्हाय न्हाय म्हणायचा, मग इकडंतिकडं बघायचा, मग नाकातून हुंकार काढायचा. त्यापायी गावात एक रीत पडून गेली होती. पुढं शहरातल्या डॉक्टरकडं जायची वेळ आलीच, तर तिथं गोरोबाचं नाव घ्यायचं नाही. 'आधी काही औषध घेतलंय का?' असं डॉक्टरनं विचारलं की 'न्हाय सायेब, काय बी न्हाय' एवढंच म्हणायचं. हे उत्तर ईटमध्ये सगळ्यांना पाठ होतं. गोरोबाला सांभाळायची ती गावाची पद्धत होती.

मे महिन्यातल्या एका सकाळी आठच्या सुमाराला छावणीत एक गाय बसली. दुष्काळात बसलेलं ढोर आपणहून उठत नाही. तीन मोठी लाकडं उभी करून वर बांधायची, गोणपाटाचा पट्टा पोटाखालून घालायचा आणि दोरानं वर ओढून जनावर पायांवर तोलून धरायचं. दोर ओढायला गोरोबाचे दाजी होते, बिरदेव. थोरल्या बहिणीचा, हरणाबाईचा नवरा. साठ मेंढरांचा धनी. चाऱ्यावाचून त्यातली पन्नास विकली, उरलेली मेली, आणि आता छावणीत ढोरं उचलायचं काम. मूळचा उंच, रुंद गडी. वर्षभर मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन तो असा वाळला होता की सदरा आत माणूस नसल्यासारखा हलायचा.

गाय अर्धी उठली आणि पुन्हा कोसळली. दोर बिरदेवच्या मनगटाला गुंडाळलेला होता. त्याचा हात वर ओढला गेला, कडकन आवाज झाला, आणि उजवा खांदा जागेवरून खाली आला.

"मेलो! आरं मेलो रं!"

हरणाबाई धावत आली. "गोरबा, बगत काय ऱ्हायलास? टोच की कायतरी!"

"आक्का, हे माणूस हाय."

"मग? म्हस असती तर टोचलं असतंस, आन तुजे दाजी म्हनून तडफडू देतोस व्हय?"

गोरोबाच्या बॅगेत बधिर करायचं औषध होतं. ढोराचं शिंग कापताना, सड फाटला तर शिवताना तो ते टोचायचा. नोव्होकेन असं बाटलीवर लिहिलेलं. बाटली मोठी, ढोराच्या मापाची. त्यानं सिरींज भरली, हुंकार काढला, खांद्याभोवती तीन जागी औषध सोडलं. थोड्या वेळानं बिरदेवचं ओरडणं कण्हण्यावर आलं. गोरोबानं हात ओढून सांधा बसवायला बघितलं. बसला नाही.

भूमला निखळलेला सांधा बसवायची सोय नव्हती, म्हणून सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोत बिरदेवला घालून धाराशिवला न्यायचं ठरलं. हरणाबाई पोराबाळांपाशी थांबली, गोरोबा बॅग घेऊन दाजींपाशी बसला. टेम्पो मच्छिंद्र चालवायचा. त्याचं तोंड इंजिनापेक्षा जास्त चालायचं.

"दाजी, जरा दम धरा. धाराशिवात महारुद्र डाक्टर हाय. बारा खाटा हायत त्याच्याकडं. माज्या मामाचा पाय मोडला व्हता, असा जोडला, असा जोडला, की मामा आता इसरतोच कंचा मोडला व्हता. आवंदा तर मामा डाव्या पायानं लंगडायलाय, मोडला व्हता उजवा."

गोरोबाला हसू आलं नाही. प्रत्येक खड्ड्याला बिरदेवच्या घशातून एक आवाज निघत होता. येडशीला रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मालगाडी येईना. उन्हानं टेम्पोचा पत्रा तापला, औषध उतरलं, आणि बिरदेव डोकं पत्र्यावर आपटायला लागला.

"गोरबा, आनकी टोच. पाया पडतो तुज्या."

गोरोबानं टोचलं. अकरा वाजले होते. मच्छिंद्रनं आरशातून बघितलं आणि पहिल्यांदाच गप्प बसला.

महारुद्र डॉक्टरांचा दवाखाना लहान होता. दारात कडुलिंब, व्हरांड्यात बाकडं. मथुराबाई नावाच्या सिस्टर सोलापूरकडच्या, त्यांच्या बोलण्यात दर दोन शब्दांनी 'की ओ'. "झोपवा की ओ त्यांला बाकड्यावर. डॉक्टर येतेत की ओ."

डॉक्टर आले, खांदा चाचपला. "निखळलाय. दंड सुजलाय, असा ओढून बसणार नाही. भूल देऊन स्नायू सैल करावे लागतील. सकाळी काय खाल्लंय?"

"पानी बी न्हाय, सायेब," बिरदेव कण्हला.

"आधी कुठं काही इंजेक्शन, औषध?"

प्रश्न बिरदेवला होता. बिरदेवनं गोरोबाकडं बघितलं. गोरोबानं उत्तर दिलं, "न्हाय सायेब. काय बी न्हाय."

डॉक्टरांचं बोट खांद्यावरच्या लाल ठिपक्यांवर थांबलं. "हे काय आहे?"

"काटं, सायेब. छावनीला बाभळीचं कुंपन हाय."

डॉक्टर हात धुवायला आत गेले. मथुराबाई सुया-सिरींजा उकळायला गेल्या. मच्छिंद्र टेम्पो सावलीला लावायला गेला. आत जायला पंधरा मिनिटं होती आणि बिरदेवचा चेहरा राखेसारखा झाला होता. "गोरबा... एकडाव आनकी. शेवटची." कडुलिंबाच्या बुंध्याआड गोरोबानं उरलेली बाटली ओढून घेतली. जवळजवळ अर्धी होती. या वेळी हुंकार निघाला नाही. हात घाईत होता आणि सुई खोल गेली.

बारा वाजता बिरदेवला टेबलावर घेतलं. गोरोबा अर्ध्या दाराबाहेर उभा. डॉक्टर शिरेत औषध देताना सिस्टरना सांगत होते ते त्याला ऐकू येत होतं. "हे झोपेचं. आता हे दुसरं. यानं सगळे स्नायू ढिले पडतील, श्वासाचेसुद्धा. तुम्ही फुगा दाबत राहा. चार-पाच मिनिटांत उतरतं." मग खांदा बसल्याचा खुट्ट आवाज आला. गोरोबानं कपाळाला हात लावला. सुटलो.

पाच मिनिटं झाली.

"येतोय का श्वास?" डॉक्टरांचा आवाज.

"नाई की ओ."

दहा झाली. "आता?"

"काईच नाई की ओ, डॉक्टर." मथुराबाईंचा 'की ओ' लहान झाला होता.

रबरी फुग्याचा फुस्स, फुस्स असा आवाज येत होता. पंधरा मिनिटांनी दार उघडलं. डॉक्टरांची मान घामानं भिजली होती. "तू ये आत. चपला काढ. सिस्टरचा हात भरून आलाय. असं दाब, असं सोड. आपल्या श्वासाबरोबर. थांबायचं नाही."

गोरोबा बिरदेवच्या डोक्याशी उभा राहिला. त्यानं दाबलं की दाजींची छाती वर यायची, सोडलं की खाली जायची. तेवढीच हालचाल. बाकी अंग ओल्या गोणपाटासारखं पडलेलं. पापणी हलत नव्हती.

"नाडी आहे. रंग आहे. मग श्वास का नाही?" डॉक्टर स्वतःशीच बोलत होते. मग एकदम वळले. "हे बघ. भूल उतरवायचं एक औषध माझ्याकडं आहे. पण याच्या अंगात आधीच बधिर करायचं काही असेल, तर ते देऊन उलट जास्त वेळ लागेल. म्हणून विचारतो. ते काटे होते का?"

फुग्यावरचा हात थांबला नाही. गोरोबा फुग्याकडं बघत बोलला. "एक... छावनीत दिलं, सायेब. बधिरचं. नोव्होकेन."

"कुणी?"

"म्या. ढोराचं औषध हाय."

मथुराबाईंनी "अगं आई" म्हटलं. डॉक्टर ओरडले नाहीत. "किती वाजता?"

"आठ."

"चार तास झाले. ते गेलं असणार." डॉक्टर टेबलाकडं वळले. सिरींज उचलली. "मग हे ते नाही. देऊन बघू."

गोरोबाला आबारावांचा आवाज ऐकू आला, ढुंगण, जेल, का न्हाय. बॅग दिसली. दाब, सोड. "सायेब... येडशीला बी दिलं. फाटकाशी. अकराला."

डॉक्टर थांबले. "अकरा. किती?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? चमचा? वाटी?"

"थोडं, सायेब."

डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं, हिशेब केला, मान हलवली. "तासाभरानं आत आला. एवढ्यानं इतकं होऊ नये." सिरींज त्यांच्या हातातच होती. काचेच्या कुपीचं टोक त्यांनी मोडलं. टिक्.

आता सांगायला हवं होतं. गोरोबाला ते कळत होतं आणि तरी ओठ उघडत नव्हते. पहिल्या दोन सुया अडाणीपणाच्या होत्या, त्यांना कुणी माफ केलं असतं. तिसरी तशी नव्हती. 'काटं' म्हणून सांगितल्यावर, या दवाखान्याच्या दारात, झाडाआड लपून दिलेली. दाजी गेले तर तिसरी सुई म्हणजे खून. आणि तिसरी कुणाला ठाऊक? मच्छिंद्रला नाही. आक्काला नाही. आपल्याला, आणि या टेबलावर पडलेल्या माणसाला. दाब, सोड. औषध सिरींजमध्ये चढत होतं. दाब, सोड. डॉक्टरांनी बिरदेवच्या दंडाला पट्टी आवळली, शीर शोधली.

"देऊ नगा!"

त्याच्या दोन्ही आवाजांतला हा कुठलाच नव्हता.

"आत्ताच दिलं, सायेब. झाडाखाली. तुमी हात धुवाया गेलता तवा. आर्धी बाटली. सुई खोल गेली, रगत आलं व्हतं सिरींजमदी, तरी बी दाबली म्या."

डॉक्टरांनी सिरींज खाली ठेवली. मग ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दाबत राहा."

पुढचा तास गोरोबानं तेच केलं. सिस्टरनी मध्ये हात द्यायला बघितलं, पण त्यानं फुगा सोडला नाही. अधूनमधून डॉक्टर बोलायचे, जणू भिंतीला सांगत असावेत तसे. "तुझं औषध आणि माझं, दोन्ही जिरवणारा रस अंगात एकच असतो. उपाशी माणसाच्या अंगात तो मुळातच कमी. तुझ्या औषधानं तो वापरून टाकला, माझ्याला उरला नाही. असंच झालं असावं. शंभर टक्के कुणी सांगू शकणार नाही. पण मला ठाऊक असतं तर मी हे औषध दिलंच नसतं. उद्यापर्यंत थांबलो असतो."

सव्वा वाजता बिरदेवच्या करंगळीला झटका आला. मग भुवई. मग फुगा दाबायच्या आधीच छाती जराशी वर आली, तिची तीच. मथुराबाई भिंतीकडं तोंड करून रडल्या.

डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं नाही. "कळवून छावणीतल्या आठशे जनावरांना कोण बघणार?" असं ते म्हणाले, पण ते दया म्हणून म्हणाले की वैतागून, ते गोरोबाला कळलं नाही. बाटली मात्र त्यांनी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरदेव खाटेवर उशीला टेकून बसला होता, हात झोळीत. गोरोबानं चहाची बशी त्याच्या तोंडाशी धरली. बिरदेवनं एक घोट घेतला.

"म्या जागा व्हतो," तो म्हणाला.

"कवा?"

"झोप आधीच गेलती. समदं ऐकू येत व्हतं. त्या बाईचं, डाक्टरचं, तुजं." दुसरा घोट. "तू येडशीचं सांगितलंस. मंग गप. म्या आतनं ओरडायलो, झाडाखालचं सांग, आरं झाडाखालचं सांग. जीब हलंना. डोळा हलंना. कुपी मोडल्याचा आवाज आला."

बशी गोरोबाच्या हातात कलली. चहा चादरीवर सांडला.

"दाजी..."

"किती टाइम घेतलास रं?" बिरदेवनं विचारलं. रागानं नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं. "मला तर दिवस वाटला."

गोरोबानं बशी खाली ठेवली. चादरीवरचा चहा तो हातानं पुसायला लागला.

ईटला परतल्यावर त्यानं बॅग नेऊन आबारावांच्या कपाटापुढं ठेवली आणि घडलेलं सांगितलं. पण येडशीपर्यंतच. आबाराव खुर्चीत वळवळले. "माणूस जित्ता हाय, का न्हाय? मंग गाजावाजा कशाला? बॅग उचल आन कामाला लाग." पाऊस पडेपर्यंत छावणी चालली, मग सोसायटीत पुन्हा दूध आलं, आणि बॅग गोरोबाकडंच राहिली. गावात गोष्ट फिरली ती मच्छिंद्रच्या तोंडून, आणि ती वेगळीच होती. "डाक्टर थकला, सिस्टर पडली, पन आपला गोरोबा हटला न्हाय. तासभर फुगा दाबून दाजींचा प्राण धरून ठिवला!" लोक मान डोलवायचे. बिरदेव शेजारी बसून बिडी ओढायचा. गोरोबाला वाटायचं, त्यानं एकदा बोलावं, शिव्या द्याव्यात, काहीही.

माणसाला सुई मारणं मात्र गोरोबानं बंद केलं. लोकांना ते लागलं. "मोठा झालास बाबा," म्हणायचे.

शहात्तरच्या दिवाळीत हरणाबाईची दाढ ठणकली. गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला. ती तडक भावाच्या दारात आली, मागं बिरदेव.

"बधिर कर एवढं. दाढ म्याच उपटून टाकते."

"न्हाय, आक्का. भूमला जा."

"का? दाजींचा प्राण वाचिवलास, आन भनीची दाढ न्हाय?"

"म्या वाचिवला न्हाय."

"गप. गाव सांगतंय."

"गावाला काय ठावं?" गोरोबा ओट्यावर बसला. बिरदेव दाराशी उभा होता, बिडी विझलेली. गोरोबानं त्याच्याकडं बघितलं आणि सांगितलं. काटे सांगितले. झाडाखालची सुई सांगितली, सिरींजमधलं रक्त सांगितलं. आणि तो गप्प राहिला होता तो वेळ, कुपी मोडेपर्यंतचा, तोही सांगितला. दाजी आत जागे होते हेही.

हरणाबाईचा हात गालावरून खाली आला. ती नवऱ्याकडं वळली. "तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"तीन साल? आन मला बोलला न्हाईसा?"

बिरदेवनं बिडी टाकली. "तुजा भाऊ हाय," तो म्हणाला. "म्हनलं, त्योच बोलंल."

हरणाबाईनं पदर गालाला घट्ट बांधला आणि दुपारची एसटी गाठायला निघाली. भाऊबीज दुसऱ्या दिवशी होती. गोरोबा नवी टोपी घालून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिला. रस्त्यानं इतरांच्या बहिणी येत होत्या. अंधार पडायच्या आधी बिरदेव एकटाच आला, वाकड्या खांद्यानं, आणि त्याच्याशेजारी बसला.

"दाढ काढली का?" गोरोबानं विचारलं.

"काढली."

"आन काय म्हनली?"

"डाक्टरनं इचारलं, आधी काय घेतलं का." बिरदेव म्हणाला. "लवंग घेतली म्हनली, मीठ घेतलं म्हनली, आन कालच्या राती कुनाची तरी तपकीर दाबली व्हती ती बी सांगितली. डाक्टर हसला. ती न्हाय हसली."

"हिकडं यील का?"

बिरदेवनं झोळीतल्यासारखा हात पोटाशी धरला. "ते मला ठावं न्हाय, गोरबा," तो म्हणाला.